परदेशी कामगारामुळे छोट्या कारखान्याला परदेशी बाजार मिळतो का? तुमचे अनुभव हवेत

ओसाकावासी (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी,

बरेच महिने नुसता वाचक होतो. आज स्वतःचाच प्रश्न घेऊन आलोय.

मी मूळचा भोसरीचा. एमआयडीसीत गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात पाच वर्षं मेंटेनन्सला होतो, संध्याकाळी जपानी शिकलो आणि गेली सहा वर्षं हिगाशी-ओसाकात आहे. हे गाव म्हणजे आपल्या भोसरीचा जपानी चुलतभाऊच. खाली लेथ, वर घर, शेजारी मुलामा देणारा, पलीकडे स्प्रिंगवाला. इथल्या छोट्या कारखानदारांनी एकत्र येऊन 'माइदो-१' नावाचा उपग्रह बनवला, तो जानेवारी २००९ मध्ये अवकाशात गेला. आमच्या कारखान्यात ३४ माणसं आहेत. मशिनिंग झालेले सुटे भाग धुऊन त्यांच्यावरचं तेल आणि बर (कडांना चिकटलेले धातूचे बारीक कण) काढणारी यंत्रं आम्ही बनवतो.

दोन महिन्यांपूर्वी एजंटामार्फत चाकणच्या एका कंपनीची चौकशी आली. कोटेशन तयार झालं आणि फक्त इंग्रजी तपासायला म्हणून माझ्या टेबलावर आलं. इंग्रजी ठीक होतं. पण यंत्र ६० हर्ट्झचं होतं. पश्चिम जपानमध्ये वीज ६० हर्ट्झची, कारखान्यात २०० व्होल्ट थ्री-फेज. आपल्याकडे ५० हर्ट्झ, ४१५ व्होल्ट. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळेल, पण पंप सहाव्या हिश्श्याने हळू फिरणार, आणि दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, म्हणजे तो जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी. भाग धुतलेच जाणार नाहीत! मग पाणी. जपानचं पाणी मऊ. आपल्याकडे बोअरचं पाणी वापरलं तर वाळल्यावर भागांवर पांढरे डाग राहणार, तेव्हा सॉफ्टनर कोटेशनमध्येच धरायला हवा. आणि शाचो (मालकांना इथे शाचो म्हणतात) कंपनीला भेट द्यायला जाणार होते तो दिवस गुरुवार.

हे सगळं मी अर्ध्या कागदावर लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी शाचोंनी बोलावलं आणि तासभर चाकणबद्दल विचारत बसले. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणी मला माझ्या गावाबद्दल कामाचं काही विचारलं. त्या संध्याकाळी स्टेशनापर्यंत मी चालतच गेलो, सायकल कारखान्यातच राहिली.

आता ते म्हणतात, भारताचं काम तू बघ. माझा व्हिसा अभियंत्याचा आहे, त्यामुळे कायद्याची अडचण नाही. पण असं कुठे नीट झालेलं तुम्ही पाहिलंय का? मी काय मागून घ्यावं? आणि एक गोष्ट मनात सलते आहे. आमच्या फ्लोअरवर चार व्हिएतनामी मुलं आहेत, आमचं एक यंत्र हायफाँगला गेलेलं आहे, आणि त्यातला एक मुलगा तिथलाच आहे. त्याला आजवर कुणीच काही विचारलेलं नाही.

चाकणचा_फिटर (सोमवार, रात्री १०.१५)

गुरुवारचं बरं पकडलंत. चाकण, भोसरी, पिंपरी, सगळीकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. तुमचे शाचो वॉचमनला भेटून परत गेले असते.

आमच्या कंपनीत एक परदेशी वॉशिंग मशीन तीन वर्षं ताडपत्रीखाली पडून आहे. पॅनेलवरची सगळी अक्षरं त्यांच्या भाषेत, मॅन्युअलही तसंच. अलार्म आला की फोटो काढून पाठवायचा आणि चार दिवस उत्तराची वाट बघायची. प्रॉडक्शन चार दिवस थांबत नाही. शेवटी पोरांनी टबात केरोसीन ओतून ब्रशने भाग धुवायला सुरुवात केली. मशीन चांगलं होतं हो. मला त्याचं वाईट वाटतं. ते बनवणाऱ्याच्या कारखान्यात आपल्याकडचा एक माणूस असता तर ते आज चालू असतं, आणि दुसरं मशीनही आम्ही त्यांच्याकडूनच घेतलं असतं.

श्वाबेनकर (मंगळवार, दुपारी १२.०५)

ओसाकावासी, तुमचं वाचून मला माझी पहिली चार वर्षं आठवली.

मी श्टुटगार्टपासून तासाभरावर एका गावात आहे. घराण्याच्या मालकीची कंपनी, तिसरी पिढी, १२० माणसं, ग्राइंडिंगसाठी लागणारी जोडयंत्रं बनवतो. जर्मनीत अशा कंपन्यांना 'मिटेलश्टांड' म्हणतात आणि तिथल्या अर्थव्यवस्थेचा कणा त्यांनाच मानतात. मी असेंब्लीत लागलो. आमची गिऱ्हाइकं तेव्हाही राजकोट, कोइमतूर, पुणे इथे होती, पण एकदा मशीन विकलं की त्या गिऱ्हाइकाकडून पुढे फार काही यायचं नाही. का, ते कुणालाच कळत नव्हतं.

एकदा राजकोटहून फोन आला तेव्हा सर्व्हिसवाला रजेवर होता, म्हणून मला दिला. समोरचा माणूस सांगत होता, 'साहेब, मशीन एकदम फर्स्ट क्लास चालू आहे, फक्त थोडा आवाज येतो.' आमच्या नोंदवहीत याआधी तीनदा हीच तक्रार होती आणि पुढे लिहिलं होतं, 'गिऱ्हाईक समाधानी'. आपला माणूस तक्रार आधी कौतुकात गुंडाळून देतो हे जर्मन माणसाला कसं कळावं? मी हिंदीत पाच मिनिटं बोललो. बेअरिंग गेलं होतं आणि तो ते स्थानिक बाजारातून घेऊन दोनदा बदलून बसला होता. आम्ही त्याला मूळ बेअरिंग पाठवलं. पुढच्या वर्षी त्याने दोन मशिनं घेतली आणि त्याच्या मेहुण्याने एक.

ही झाली चांगली बाजू. दुसरी ऐका, कारण तुम्ही विचारलंत की काय मागून घ्यावं. त्यानंतर सलग तीन वर्षं भारताचा प्रत्येक फोन माझ्याकडे यायला लागला. असेंब्लीचं काम तेवढंच, वर हे. हिवाळ्यात इथे आणि भारतात साडेचार तासांचा फरक असतो, म्हणजे तिकडची पहिली पाळी सुरू होते तेव्हा इथे रात्र. पगारात एक सेंटही वाढला नाही, कारण करारात माझं काम 'असेंब्ली' होतं. शेवटी मी एक वही केली. कुठल्या दिवशी किती वेळ, कुठलं गिऱ्हाईक, त्यातून पुढे कुठली ऑर्डर आली. ती वही मालकीणबाईंपुढे ठेवली. त्या चांगल्या आहेत, त्यांना खरंच माहीत नव्हतं. नवा करार झाला. निम्मा वेळ सर्व्हिस, निम्मा असेंब्ली, वर्षातून दोन भारतवाऱ्या, आणि रात्रीच्या फोनचे तास मोजून.

म्हणून सांगतो, वही आजपासून सुरू करा.

अवांतर: श्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. तेव्हापासून गावाकडच्या मुलांचे मला फोन येतात. मी प्रत्येकाला म्हणतो, जर्मन तर शिकच, पण निघण्यापूर्वी आपल्याकडचा कारखाना डोळे उघडे ठेवून बघून ये.

निळी_शाई (मंगळवार, दुपारी १२.३०)

'तक्रार कौतुकात गुंडाळून देतो' हे अगदी खरं आहे. माझे बाबा डॉक्टरलासुद्धा आधी 'छान आहे सगळं' सांगतात.

अर्थमित्र (मंगळवार, सायंकाळी ६.२०)

चांगला धागा. यावर अर्थशास्त्रात बरंच काम झालेलं आहे. डेव्हिड गूल्ड यांनी १९९४ मध्ये अमेरिकेच्या आकडेवारीवरून दाखवलं की ज्या देशांतून लोक स्थलांतर करून आले त्या देशांशी अमेरिकेचा व्यापार वाढतो. पुढे २००२ मध्ये राउश आणि त्रिंदादे यांनी जगभर पसरलेल्या चिनी वंशाच्या लोकांच्या जाळ्याचा अभ्यास केला. त्यातला एक मुद्दा इथे नेमका लागू पडतो. ज्या मालाचा भाव बाजारात जाहीर असतो, म्हणजे तांबं, गहू वगैरे, त्यात ओळखीचा फायदा कमी. पण जो माल प्रत्येक वेळी वेगळा असतो, ज्यात विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांना शोधावं, समजून घ्यावं लागतं, तिथे तो फायदा जास्त. ओसाकावासींचं धुण्याचं यंत्र हा अशाच मालाचा नमुना.

मोठ्या कंपन्या परदेशात कार्यालय उघडतात, वकील ठेवतात. ३४ माणसांच्या कारखान्याला ते परवडत नाही. त्याच्यासाठी आधीच पगारावर असलेला परदेशी माणूस हेच कार्यालय.

भाषांतरिका (मंगळवार, रात्री ११.१०)

अर्थमित्र, तुमचं शेवटचं वाक्य मला खटकलं. 'आधीच पगारावर असलेला' यातच सगळी मेख आहे. श्वाबेनकरांची तीन वर्षं त्यातच गेली.

मी पुण्यात जपानीची दुभाषी आहे, वीस वर्षं. कारखान्यांत दुभाष्याचं काम केलंय आणि जपानला जाणाऱ्या मुलांना शिकवलंही आहे. आतापर्यंतचा धागा अभियंत्यांच्या नजरेतून चाललाय. पण जपानच्या छोट्या कारखान्यांतले पुष्कळ परदेशी हात अभियंत्यांचे नाहीत, 'जिश्शुसेई' म्हणजे तांत्रिक प्रशिक्षणार्थींचे आहेत. ही योजना १९९३ मध्ये सुरू झाली. विकसनशील देशांना कौशल्य द्यायचं हा तिचा कागदावरचा हेतू. प्रत्यक्षात ज्या कामाला जपानी माणूस मिळत नाही तिथे ही मुलं उभी केली गेली. मालक बदलायची मुभा जवळपास नाही. जपानच्या इमिग्रेशन खात्याने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निम्म्याहून जास्त प्रशिक्षणार्थी कर्ज काढून आलेले निघाले. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि ज्याला नोकरी सोडता येत नाही, तो मालकाला कधी सांगेल का की तुमचं कोटेशन चुकलंय?

मी स्वतः एका कारखान्यात पाहिलंय. एका मुलीने पॅकिंगमधली चूक दाखवली. खोक्यावरचा तिच्या भाषेतला मजकूर चुकीचा होता आणि माल तिच्याच देशात जाणार होता. सुपरवायझर म्हणाला, तू तुझं काम कर. मी तिथे दुभाषी म्हणून उभी होते आणि ते वाक्य मला तिच्यासाठी भाषांतरित करावं लागलं. आजही आठवलं की घसा दाटतो.

ही योजना आता जाणार आहे. २०२४ च्या जूनमध्ये नवा कायदा मंजूर झाला, २०२७ पासून नवी पद्धत येईल आणि तिच्यात काही काळानंतर मालक बदलता येईल. मला तिच्याकडून आशा आहे. ज्याला जाता येतं त्यालाच बोलता येतं.

ओसाकावासी, हायफाँगच्या मुलाबद्दल एक सांभाळा. प्रशिक्षणार्थी व्हिसावर ठरवून दिलेल्या कामाबाहेरचं काम देता येत नाही. त्याला विक्रीच्या कामाला जुंपलं तर अडचण त्याच्यावरही येईल आणि शाचोंवरही. पण तुमच्याकडे काइझेनच्या, म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणांच्या, सूचना देण्याची पेटी असेलच. सूचना कुणीही देऊ शकतो आणि स्वीकारली तर बक्षीस मिळतं. ती त्याच्या नावाने जाऊ दे.

अर्थमित्र (बुधवार, सकाळी ८.००)

ताई, मान्य. मी फायदा कुणाला होतो एवढंच मोजलं, कुणाच्या खांद्यावरून होतो ते सोडलं. 'ज्याला जाता येतं त्यालाच बोलता येतं' हे माझ्या मुद्द्यात असायला हवं होतं.

हमामात्सुहून (बुधवार, दुपारी १.४५)

भाषांतरिका यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत, पण एक उलटं उदाहरणही द्यायला हवं.

माझ्या कंपनीशेजारी प्लास्टिकच्या मोल्डचा कारखाना आहे. मालक, त्यांची बायको, मुलगी आणि अठरा कामगार. त्यांच्याकडे दोन व्हिएतनामी मुलं तीन वर्षं प्रशिक्षणार्थी होती. मालकीणबाई रोज रात्री त्यांना जपानी शिकवायच्या, आणि मालक मोल्डला हाताने पॉलिश कसं द्यायचं ते स्वतः शिकवायचे. पॉलिश हे बोटांनी शिकायचं काम आहे. डोळे मिटून नखाने कळलं पाहिजे. मुलं परत गेली आणि पत्रं येत राहिली. पाच वर्षांनी त्यातल्या एकाने आपल्या गावी गाळा घेतला, मालकांनी दोन जुनी यंत्रं भागीदारी म्हणून दिली. आज साधे मोल्ड तिकडे होतात, अवघड इकडे, आणि व्हिएतनाममध्ये असलेल्या जपानी कंपन्यांची दुरुस्तीची कामं त्या मुलाकडे येतात. त्या कार्यशाळेचं भिंतीवरचं घड्याळ मालकीणबाईंनी दिलेलं आहे.

१९९३ च्या कागदावर जे लिहिलं होतं ते इथे खरं झालं. पण ते योजनेमुळे झालं असं मला वाटत नाही, त्या दोन माणसांमुळे झालं.

आणि याच हमामात्सुची दुसरी आठवण. १९९० मध्ये कायदा बदलला आणि जपानी वंशाचे ब्राझीलचे लोक मोठ्या संख्येने इथल्या कारखान्यांत आले. पोर्तुगीज येणारी, ब्राझील जाणणारी माणसं. २००८ ची मंदी आली आणि सगळ्यात आधी काम गेलं ते त्यांचं. २००९ मध्ये सरकारने परतीसाठी प्रत्येक कामगाराला तीन लाख येन आणि कुटुंबातल्या प्रत्येकाला दोन लाख येन देऊ केले. हजारो लोक गेले. माझा म्हातारा फोरमन अजून सांगतो, आमच्याकडचा एक जण जाताना आपली हत्यारं पुसून, तेल लावून, रांगेत ठेवून गेला. मंदी सरली, मग कंपनीला ब्राझीलमध्ये माल विकायचा होता, तेव्हा त्याचा पत्ता शोधत होते. सापडला नाही.

आंबेवाला_राजापूर (गुरुवार, सकाळी ६.५०)

मंडळी, तुम्ही सगळे यंत्रवाले. माझा विषय आंबा, पण प्रश्न तोच आहे म्हणून लिहितो. जरा लांबेल.

आमची राजापूर तालुक्यात साडेतीनशे कलमं. कोकणातल्या बहुतेक बागांसारखी आमची बागही नेपाळी माणसांवर उभी आहे. इथे त्यांना सरसकट गुरखे म्हणतात. दिवाळीच्या सुमारास येतात, पाऊस लागायच्या आधी जातात. फवारणी, वांदरांपासून राखण, काढणी, पेट्या भरणं, सगळं तेच. जगात 'रत्नागिरी हापूस' म्हणून जे जातं त्याच्यावर पहिला हात परदेशी कामगाराचाच लागतो. हे आपण कधी मोठ्याने म्हणत नाही.

आमच्याकडचा मुकादम अकरा वर्षं येतोय. तो घरच्यासारखा आहे असं लिहिणार होतो, पण भाषांतरिका ताईंचं वाचल्यावर थांबलो. घरच्याला आपण मांगरात (बागेतल्या खोपटात) झोपवत नाही. आता त्याला खोली बांधून दिली आहे, तीही सहाव्या वर्षी.

तर २०१९ च्या मार्चमध्ये तो म्हणाला, माझा धाकटा भाऊ दोहाला सुपरमार्केटात फळांच्या विभागात आहे. तो विचारतो, तुमच्या मालकाचा आंबा इकडे का येत नाही? इकडे येतो तो अर्धा हापूस नसतोच. आणि यंदा रमजान मे महिन्यात आहे, इफ्तारला फळ भरपूर खपेल. मी वाशीच्या दलालापलीकडे जन्मात बघितलं नव्हतं. पण भावाने आपल्या खरेदीवाल्याशी फोन जोडून दिला. मी आयात-निर्यात कोड काढला, अपेडात (शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेत) नोंदणी केली, धावपळ करून ६० खोकी पाठवली.

२२ खराब निघाली.

त्या भावाने काय करावं? रात्रपाळी संपल्यावर प्रत्येक खोकं उघडून फोटो पाठवले. मी आणि मुकादम पडवीत बसून बघत होतो. तळातल्या फळांचे देठ तुटलेले, चीक ओघळून साल भाजलेली. काही फळं पूर्ण तयार झाल्यावर काढलेली. मुकादम काही बोलला नाही. सकाळी उठून त्याने सगळ्या माणसांना एकत्र केलं. निर्यातीला चौदा आणे तयार फळच काढायचं, उन्हं चढायच्या आत, झेल्याने, देठ ठेवून, आणि खाली टाकायचं नाही. हेच कृषी विद्यापीठाचे लोक मला चार वर्षं सांगत होते आणि मी माणसांना सांगत होतो. पण त्या दिवशी फळाच्या दुसऱ्या टोकाला कोण उभा आहे हे त्यांना दिसत होतं. त्यांच्यातल्याच एकाचा भाऊ उभा होता.

दुसऱ्या खेपेत तीन खोकी खराब. त्या मोसमात एकूण ४०० गेली. आता दरवर्षी जातात, आकडा सांगत नाही, दृष्ट लागेल.

पैशाचं सांगतो, कारण श्वाबेनकरांनी विषय काढलाच आहे. पहिल्या वर्षी मी मुकादमाला खोक्यामागे वीस रुपये दिले. आई म्हणाली, दलालाला किती देत होतास? मी गप्प बसलो. दुसऱ्या वर्षापासून चाळीस त्याला आणि तेवढेच भावाच्या नावे.

निळी_शाई (गुरुवार, सकाळी ७.३०)

आईंना माझा साष्टांग नमस्कार सांगा.

चाकणचा_फिटर (गुरुवार, सकाळी ९.००)

आज सुट्टी, म्हणून निवांत वाचला. दोन पेट्या इकडेही पाठवा, पैसे आधी.

मस्कतकर (गुरुवार, दुपारी ३.१५)

राजापूरकरांचा प्रतिसाद आवडला. आखातात एक गोष्ट रोज दिसते. इथे आलेला कामगार नुसता माल विकायला मदत करत नाही, तो स्वतःच पहिला गिऱ्हाईक असतो. दुबईतल्या धनंजय दातार यांच्या 'अल अदिल'ची सुरुवात १९८४ मध्ये एका छोट्या दुकानातूनच झाली. परदेशात आपल्या चवीला आसुसलेली माणसं होती म्हणून ते दुकान चाललं. आपल्याकडच्या मसालेवाल्यांना, पापडवाल्यांना परदेशाचं दार या माणसांनी उघडून दिलं. मी मस्कतला आलो तेव्हा गोडा मसाला बॅगेतून यायचा. आता कोपऱ्यावर मिळतो, आणि शेजारचा ओमानी म्हातारा आमटीसाठी तोच नेतो.

श्वाबेनकर (गुरुवार, रात्री ८.४०)

पण मस्कतकर, इथे थोडा फरक करायला हवा. आपल्याच माणसांना आपलाच माल विकणं ही पहिली पायरी झाली. ओसाकावासींचं काम वेगळं आहे. जपानी माल भारतीय माणसाला विकायचा, आणि विश्वास दोन्हीकडे राखायचा. त्यात मधल्या माणसाची फार ओढाताण होते. गिऱ्हाइकाला वाटतं हा आपला, भाव कमी करून देईल. मालकाला वाटतं हा त्यांचा तर नाही? माझ्यावर दोन्हीकडून ही वेळ आली आहे. मी एक नियम पाळतो. किमतीचं बोलणं मी करत नाही, ते विक्रीवाला करतो. मी यंत्राबद्दल खरं तेच दोघांनाही सांगतो.

मस्कतकर (गुरुवार, रात्री ९.०५)

पटलं. आमच्या म्हाताऱ्या ओमान्याला मात्र पुढच्या पायरीत धरा.

हमामात्सुहून (शुक्रवार, सकाळी ७.१०)

ओसाकावासी, दोन कामाच्या गोष्टी. पहिली, ड्रॉइंग. जपानमध्ये थर्ड अँगल चालतं, आपल्याकडे फर्स्ट अँगल शिकवतात, म्हणजे यंत्राच्या बाजू कागदावर उलट जागी काढतात. फाउंडेशनचं ड्रॉइंग पाठवताना कोपऱ्यातल्या खुणेवर विसंबू नका, मोठ्या अक्षरांत लिहा. आमच्या एका यंत्राची पाण्याची जोडणी त्यापायी भिंतीच्या बाजूला गेली होती. दुसरी, भारत-जपान व्यापार करार १ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे, त्यात तुमच्या यंत्रावर सवलत बसते का ते बघा. त्यासाठी मूळ-देशाचा दाखला लागतो, आणि २०२० पासून भारतातल्या आयातदारालाही त्यामागची माहिती जवळ ठेवावी लागते. ती त्याला आधीच तयार करून द्या, दुवा देईल. जेट्रोवाले (जपानची परदेशी व्यापाराची सरकारी संस्था) छोट्या कंपन्यांना या कामात मदत करतात, शाचोंना सांगा.

ओसाकावासी (नऊ दिवसांनी, रविवार, रात्री १०.३०)

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, पण सांगण्यासारखं घडल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

श्वाबेनकरांनी सांगितलेली वही त्याच रात्री सुरू केली. शाचोंपुढे दहा दिवसांचीच नोंद ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. आता माझा निम्मा वेळ अधिकृतपणे भारताचा आहे, पगार वाढलाय, भारतातून येणारे सकाळचे फोन आमच्याकडे दुपारी येतात त्यामुळे रात्रीचा प्रश्न नाही. किमतीचं बोलणं मी करणार नाही हेही सांगितलं. ते त्यांना फार आवडलं.

आणि हायफाँगचा मुलगा. जेवणाच्या सुट्टीत त्याच्याशेजारी जाऊन बसलो. मी विचारलं, आपलं यंत्र तिकडे गेलंय, माहीत आहे का? म्हणाला, हो, माझी मामेबहीण त्याच कंपनीत आहे. ती यंत्रावरच असते. मी विचारलं, कसं चाललंय? तो जरा थांबला आणि म्हणाला, टेबल उंच आहे. भाग ठेवायचं टेबल तिथल्या बायकांना उंच पडतं, म्हणून त्या लाकडी खोक्यावर उभ्या राहतात. खोकं ओलं होतं, एक जण घसरून पडली. हे त्याला वर्षभर माहीत होतं. मी म्हटलं, सांगितलं का नाहीस? म्हणाला, कुणी विचारलं नाही.

माझ्या घशाखाली घास उतरेना. मीही चार वर्षं त्याच्या शेजारच्या बाकावरच काम करतो.

भाषांतरिका ताई, तुम्ही म्हणालात तसंच केलं. सूचना त्याच्या नावाने, त्याच्या अक्षरात गेली. खाली-वर होणाऱ्या टेबलाचं ड्रॉइंग झालंय. हायफाँगला बदलून द्यायचं आहे आणि चाकणच्या यंत्रातही तेच बसणार आहे. बक्षीस पाच हजार येनचं. छोटंच आहे, पण शाचोंनी सकाळच्या सभेत सगळ्यांसमोर त्याचं पूर्ण नाव घेतलं, आणि बरोबर उच्चारलं. आदल्या दिवशी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं. मीही त्या मुलाकडूनच शिकलो.

भाषांतरिका (रविवार, रात्री ११.००)

वाचून डोळे भरून आले. त्या मुलाचा व्हिसा कधी संपतो ते विचारा. विशिष्ट कुशल कामगाराच्या व्हिसावर जायची वाट असते. शाचोंनी आत्ताच कागद सुरू केले तर वेळ पुरेल. बक्षिसापेक्षा त्याला त्याचा उपयोग जास्त होईल.

ओसाकावासी (सोमवार, सकाळी ७.२०)

आठ महिने आहेत. आज दुपारीच शाचोंना विचारतो.

चाकणचा_फिटर, तुमच्याकडे एक काम होतं. ताडपत्रीखालचं ते मशीन माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून पॅनेलवर मराठी घालायची परवानगी मी मागून घेतली आहे. एकूण ६२ अलार्म आहेत. सॉफ्टवेअरकडून भाषांतर करून घेतलं तर पहिलाच अलार्म 'द्रव पातळी न्यून' असा आला. तुम्ही यादी बघाल का?

चाकणचा_फिटर (सोमवार, सकाळी ७.५५)

'टाकीत पाणी कमी' लिहा. बाकीची पाठवा, गुरुवारी बसतो.